आईला पॅकेजनं जायचं होतं

आमच्या घरात सहलीचं बुकिंग बाबा करायचे आणि ते कुठल्याही खिडकीवर होत नसे. ते घरीच, पलंगावर मांडी घालून, बोटांच्या पेरांवर व्हायचं. "भोपाळले कोन हाय आपलं?" असं ते आईला विचारायचे. आई क्षणभर थांबून म्हणायची, "तुमच्या मावशीच्या नंदेचा पोरगा." झालं, भोपाळ ठरलं. नैनितालला आमचं कोणी नव्हतं, म्हणून नैनिताल आमच्यापुरतं नकाशात नव्हतंच. केरळात कोणी नव्हतं. काश्मीरचं तर नावच काढायला नको. वर्धा जिल्ह्यातून तिकडे कुणी मुलगी दिल्याचं ऐकिवात नव्हतं.

बाबा पुलगावच्या दारूगोळा डेपोत नोकरीला होते. मुंबई-नागपूरची गाडी दारावरून जायची, उन्हाळ्यात सुटी मिळायची आणि बाबांच्या अंगात प्रवासाची हौस होती. तिकिटं स्वतः काढायची, डबा घरचा, मुक्काम नातेवाइकाकडे. याला ते 'आपलं आपण जाणं' म्हणत आणि त्याचा त्यांना फार अभिमान होता. टूरच्या बसनं जाणाऱ्यांना ते मेंढरं म्हणत. हॉटेल हा शब्द तर त्यांना शिवीसारखा वाटायचा. "आपला मानूस असताना हाटेलात कायले उतराचं? त्याले काय वाटन?" असं ते विचारत. त्याला काय वाटेल याची त्यांना खरोखर काळजी असायची. आपण गावात येऊन परस्पर गेलो हे कळलं तर माणूस वर्षानुवर्षं बोलून दाखवतो, आणि आमच्याकडे ते बोलून दाखवतातच.

या व्यवस्थेत एक गोष्ट सगळे गृहीत धरून होते. पाहुणी म्हणून गेलेली बाई हात पाय धुऊन झाल्यावर पदर खोचून स्वयंपाकघरात शिरणार. तिनं नाही शिरायचं म्हटलं तर ती बाई कशी आहे, याची चर्चा पुढच्या लग्नापर्यंत चालते. आम्ही पाच-सहा माणसं एखाद्याच्या दोन खोल्यांत उतरायचो, तेव्हा त्या घरच्या बाईला मदत लागायचीच. मग पुरुष आणि पोरं गाव पाहायला निघत, आणि आई मागे राहायची. संध्याकाळी आम्ही उन्हातान्हातून भुकेजून परत येत असू आणि ताटं तयार असत.

त्यामुळे आईला भारताची माहिती आहे, पण ती निराळ्या प्रकारची. भोपाळ कसं आहे विचारलं तर ती म्हणते, "ओटा उंच होता. हात भरून येत." हैदराबाद? "पान्याले खार. दाळच शिजत नाई." जबलपूरचं नाव काढलं की ती अजून त्या घरातल्या बाईच्या हाताच्या लोणच्याचं कौतुक करते. धुवाँधार धबधबा तिनं पाहिलेला नाही. आम्ही तिथून आल्यावर त्याचा आवाज तोंडानं काढून दाखवला होता, तो तिनं कढईत फोडणी घालता घालता ऐकला.

मी हे आता हसत सांगते. तेव्हा हसत नव्हते, कारण तेव्हा ते लक्षातच आलं नव्हतं. आईसुद्धा तक्रार करत नव्हती. तिला जावा-नणंदांमध्ये बसून गप्पा मारायला आवडायचं, आणि त्या स्वयंपाकघरांमध्ये ती पोट धरून हसायचीही. पण मी पाचवीत असताना आम्ही भुवनेश्वरला गेलो, तिथे तिला पहिल्यांदा काहीतरी हवं आहे असं मला दिसलं.

भुवनेश्वरला बाबांचे धाकटे चुलतभाऊ रेल्वेत होते, आमचे काका. तिथून जगन्नाथपुरी जवळ. काका सगळ्यांना जीपमध्ये घालून पुरीला घेऊन गेले. आई आणि काकू घरी राहिल्या, कारण परत येणाऱ्यांना जेवायला लागणार होतं. परतल्यावर मी स्वयंपाकघरात जाऊन समुद्राबद्दल इतकी बडबड केली की बाबा ओरडले. आई पोळ्या लाटत होती. तिनं मला विचारलं, "पानी खारं असते म्हनतेत, खरं हाय काय वं?" मी चाखलंच नव्हतं. तसं मी सांगितल्यावर ती म्हणाली, "मंग काय पाह्यलं तू?" आणि पुन्हा लाटायला लागली.

वर्षं गेली. बाबा निवृत्त झाले, मी वर्ध्याला शाळेत शिकवायला लागले आणि माझा मोठा भाऊ नागपूरला नोकरीत स्थिरावला. त्यानं बाबांची पद्धत मोडीत काढली. त्याचं सगळं मोबाइलवर. कुठलं घर भाड्यानं मिळतं, तिथे राहून गेलेल्या लोकांनी काय लिहिलंय, खिडकीतून काय दिसतं, हे तो आठवडाभर वाचत बसतो. टूर कंपनीचं नाव काढलं की तोही बाबांसारखंच नाक मुरडतो. त्यानं आई-बाबांना, मला आणि स्वतःच्या कुटुंबाला पचमढीला नेलं, आणि तिथे फार अभिमानानं एक दार उघडून दाखवलं. "आई, पाह्य. सेपरेट किचन. तुले तुया मनासारखा चहा करता येईन."

त्यानं हे अगदी प्रेमानं केलं होतं. आईनं त्या किचनमध्ये मनासारखा चहा केला. मग कुणीतरी म्हटलं, बाहेरचं तिखट आहे, पोरांना खिचडी टाक. मग कुणीतरी बाजारात वांगी पाहून आलं. दुसऱ्या संध्याकाळी सगळे सूर्यास्त पाहायला धूपगडावर गेलो आणि आई भरताची वांगी भाजत मागे राहिली. भरीत उत्तम झालं होतं. भावानं त्या घराबद्दल मोबाइलवर लांबलचक कौतुक लिहिलं, त्यात किचनचा खास उल्लेख होता.

परतताना सावनेरच्या पुढे गाडीत सगळे पेंगत होते. आई खिडकीबाहेर बघत एकदम म्हणाली, "पुढच्या टायमाले मले पॅकेजनं जाचं हाय."

भावाला वाटलं त्याचं काही चुकलं. बाबांना वाटलं आईला ऊन लागलं. आई शांतपणे सांगत राहिली. तिच्या भजनी मंडळातल्या दोघी जणी टूरनं काशीला जाऊन आल्या होत्या. टूरवाले आपले आचारी सोबत नेतात. सकाळी चहा हातात आणून देतात. ताट वाढलेलं येतं. कुठे जायचं ते त्यांनी ठरवायचं आणि आपण नुसतं बसमध्ये बसायचं. "अन् समुद्र पाहाचा हाय," ती म्हणाली. "पाय हायत तवर."

तिच्या गुडघ्यांनी तेव्हा कुरकुर सुरू केली होती. वर्ध्याच्या डॉक्टरांनी ऑपरेशनची भाषा केली होती. पाय आहेत तोवर, हे तिनं उगाच म्हटलेलं नव्हतं.

टूर सापडली वर्ध्यातच. टूरवाले गृहस्थ मूळचे आर्वीकडचे, आधी लग्नाच्या वऱ्हाडासाठी बस लावायचे. वऱ्हाड सांभाळलेला माणूस कुणालाही सांभाळू शकतो. जगन्नाथपुरीचं पॅकेज होतं. वर्ध्याहून गाडीनं भुवनेश्वर, तिथली मंदिरं, दुसऱ्या दिवशी कोणार्क करून संध्याकाळी पुरीचा समुद्र, आणि त्याच्या दुसऱ्या सकाळी दर्शन आटोपून परतीची गाडी. म्हणजे समुद्रासाठी एकच संध्याकाळ. आईनं मला ते दोनदा वाचायला लावलं.

बाबा आधी येणारच नव्हते. भुवनेश्वरला भाऊ असताना पॅकेजनं जायचं म्हणजे त्यांना भावाच्या तोंडात मारल्यासारखं वाटत होतं. "त्याले कयलं तर?" असं ते दिवसातून चारदा म्हणायचे. आई म्हणाली, "तुमी नका येऊ. मी पोरीसंग जातो." मग मात्र त्यांनी कपडे भरायला घेतले. घरी एकटं राहून स्वतःचा चहा स्वतः करायचा ही कल्पना त्यांना पॅकेजपेक्षाही जड गेली.

वर्धा स्टेशनवर टूरवाल्यांनी प्रत्येकाला एक पिवळी टोपी दिली. हरवू नये म्हणून. बाबांनी ती घडी घालून खिशात कोंबली. आईनं डोक्यावरच्या पदरावर टोपी चढवली आणि मला विचारलं, "बराबर बसली काय?" तशी ती टोपी काही सुंदर दिसत नव्हती, पण मी आईला इतकी खूश फार कमी वेळा पाहिलं आहे.

गाडीत सकाळी जे झालं ते मी विसरणार नाही. मी वरच्या बर्थवरून पाहत होते. टूरवाल्यांचा माणूस किटली घेऊन आला आणि त्यानं आईच्या हातात चहाचा कप दिला. आई उठलेली नव्हती, तिनं पाणी ठेवलेलं नव्हतं, दूध तापवलेलं नव्हतं. तिनं कप हातात धरला आणि ती त्या माणसाला म्हणाली, "कोनाचा हाय हा?" तो म्हणाला, "तुमचाच, काकू." तिनं इकडेतिकडे पाहिलं, बाबांना मिळालाय का, मला मिळालाय का, हे बघून घेतलं आणि मग प्यायली. चहा पाणचट होता. मला तो अजिबात आवडला नाही, आणि मी तसं म्हणायला तोंड उघडणार होते, पण आई म्हणाली, "चांगला हाय," आणि मी गप्प बसले. मी फटकळ आहे, पण मला काही ठिकाणी कळतं.

बाबा मात्र गाडीत रमले. मेंढरं म्हणता म्हणता त्यांनी डब्यातल्या सगळ्यांची गावं काढली. कोण हिंगणघाटचं, कोण देवळीचं, कुणाची मुलगी पुलगावला दिलेली. भुवनेश्वर येईपर्यंत निम्मी टूर त्यांची पाहुणी झाली होती. मला कौतुक वाटलं. तेव्हाच शंका यायला हवी होती. ज्या माणसानं डेपोत आयुष्य काढलं आणि आत काय आहे याबद्दल घरात एक अक्षर काढलं नाही, त्याला एक फोन लपवणं काय अवघड आहे?

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही कोणार्कला जायला बसमध्ये बसलो. बाबांनी त्या दिवशी टोपी घातली होती, आणि न सांगता. बस सुटली आणि थोड्या वेळानं मोठा रस्ता सोडून एका वस्तीकडे वळली. मी टूरवाल्यांना विचारलं की हे कुठे. ते माझ्याकडे न पाहता म्हणाले, "दहा मिनिटं, ताई. चहापुरतं. तुमच्या काकाचं घर हाय ना."

अख्ख्या बसला माहीत होतं. आम्हा दोघींनाच नव्हतं. बाबांनी गाडीतच सगळ्यांच्या कानावर घातलं होतं, आणि एकही माणूस नाही म्हणाला नव्हता. कसा म्हणेल? सगळे वर्धा जिल्ह्यातले. मागच्या सीटवरचे हिंगणघाटचे आजोबा मला समजावून सांगायला लागले, "बाई, आपल्या मानसाच्या घरावरून तसंच जाता येते काय?" पैसे भरून काढलेल्या टूरची बस एका प्रवाशाच्या चुलतभावाकडे चहाला वळवायची आणि त्यात कुणालाच वावगं वाटू नये, हे फक्त आमच्याकडेच होऊ शकतं. बाहेरगावचा एक जरी माणूस बसमध्ये असता तर त्यानं भांडण केलं असतं.

बस गल्लीत जाईना. आम्ही सगळे पिवळ्या टोप्या घालून रांगेनं काकांच्या घराकडे निघालो. काका फाटकात हात जोडून उभे होते, डोळ्यांत पाणी. बाबांनी त्यांना मिठी मारली. दोघे भाऊ खूप वर्षांनी भेटत होते, आणि ते पाहून माझा राग थोडा उतरलाही. पण आत शिरल्यावर वास आला. फोडणीचा, बेसनाचा, गरम तेलाचा. अंगणात शेजाऱ्यांकडून आणलेली मोठी पातेली होती. काका सगळ्यांना बसवत म्हणाले, "जेवल्याबिगर कोनी हालाचं नाई. गावाकडचे लोकं आले माह्या घरी. पाटवडी केली, पाटवडीचा रस्सा केला, आता पुऱ्या तेवढ्या राह्यल्या."

टूरवाल्यांचा चेहरा उतरला. त्यांनी मला बाजूला घेऊन हिशेब सांगितला. एवढ्यांच्या पंगती उठेपर्यंत दुपार जाणार. तिकडे अंधार आपल्यापेक्षा लवकर पडतो. कोणार्क करून पुरीला पोचेपर्यंत समुद्र फक्त ऐकू येईल. आणि सकाळी दर्शन करून गाडी पकडायची, तेव्हा वेळ नाही. "पन आता उठून गेलो तर तुमच्या काकाले कसं वाटन?" त्यांनी विचारलं, आणि त्यांनाही ते खरंच वाटत होतं.

मी आईकडे पाहिलं. तिनं सगळं ऐकलं होतं. तिनं डोक्यावरची टोपी काढली, घडी घातली आणि पिशवीत ठेवली. बाबा तिच्याकडे पाहत नव्हते. मला त्या क्षणी बाबांचा भयंकर राग आला. आई पदर खोचून स्वयंपाकघराकडे निघाली, आणि मी तिच्या मागे गेले, तिला ओढून आणायला.

काकू ओट्याशी होती. पहाटेपासून उभी असावी. चेहरा लाल, केस चिकटलेले. आईला पाहून तिला फार आनंद झाला. "ताई, आल्या तुमी. बरं झालं," एवढंच म्हणाली आणि बाजूला सरकली. तिच्या पोळपाटाशेजारी दुसरा पोळपाट मांडून ठेवलेला होता. त्यावर लाटणं. आईसाठी.

आईनं हात धुतले. लाटणं हातात घेतलं. मी दारात उभी राहून काय बोलायचं ते जुळवत होते. आईनं कणकेचा गोळा उचलला, आणि लाटायच्या आधी काकूला विचारलं, "तू किती डाव गेली वं समुद्रावर?"

काकूला प्रश्न कळला नाही. "पुरीले?"

"हो. इथूनच तर हाय. एवढे वर्षं झाले तुले इथी."

काकू तळणीत झारा फिरवत आठवत राहिली. "पाव्हणे जातेत ना," ती म्हणाली. "जो येते तो जाते. मी एक डाव गेली होती, सासूबाईले घेऊन, दर्शनाले. तवा देवळातच लय टाइम झाला. मंग हे म्हने, पाव्हणे येऊन राह्यले सांजच्याले, चाला घरी." ती थोडं हसली. "वास येते तिथी पान्याचा. तो आला होता."

आईनं लाटणं खाली ठेवलं, हात लांब करून गॅस बंद केला आणि म्हणाली, "लुगडं बदल."

"अवं ताई, लोकं बसले हायत बाहीर..."

"लोकाइले हात हायत. तू लुगडं बदल. मी सांगतो त्याइले."

मी आईला बाबांशी भांडताना खूपदा ऐकलंय, पण त्या दिवशी ती भांडली नाही. बाहेर आली आणि अंगणात जमलेल्या सगळ्या टोप्यांसमोर साध्या आवाजात म्हणाली, "पाटवडी झाली, रस्सा झाला, भात झाला. पुऱ्या होत्या तेवढ्या झाल्या. पातेले बसमंदी ठेवा. समुद्रावर जेवू." आणि काकांना म्हणाली, "भाऊजी, घराले कुलूप लावा. तुमी दोघंबी येऊन राह्यले."

काका बाबांकडे पाहायला लागले. बाबा जमिनीकडे. अंगणात कोणी हलेना. मग हिंगणघाटचे तेच आजोबा उठले आणि भाताच्या पातेल्याचा एक कान धरून म्हणाले, "धरा रे कोनी इकडून." आणि सगळी बस उठली. त्या माणसांचं हे मला फार आवडतं. चहाला वळायलाही एका पायावर तयार, आणि वळलेली बस पुन्हा फिरवायलाही.

आईनं बाबांची सीट काकूला दिली. बाबा आणि काका पुढे ड्रायव्हरच्या केबिनमध्ये बसले, दोघांच्या मधे रश्शाचं गरम पातेलं, फडक्यानं धरलेलं. खड्डा आला की दोघेही एकदम पातेल्यावर वाकत. वाटेत टूरवाल्यांनी बस पुन्हा दहा मिनिटं थांबवली, पण ती कोणार्कसाठी. ज्यांना जायचं होतं ते पळत जाऊन आले. आई आणि काकू उतरल्या नाहीत. त्यांना वाटेत कशातच अडकायचं नव्हतं.

कोणार्कपासून थोडं पुढे गेलं की झाडांमधून एकदम समुद्र येतो. बस थांबली तेव्हा ऊन चांगलं होतं. आईनं चपला बसमध्येच ठेवल्या. वाळूत तिला चालता येईना, गुडघा दुखत होता, म्हणून एका बाजूनं मी आणि दुसऱ्या बाजूनं काकूनं तिला धरलं. पाण्यापर्यंत गेल्यावर तिनं आम्हा दोघींचे हात सोडले. लाट आली आणि घोट्यापर्यंत पाणी चढलं. पाणी परत जाताना पायाखालची वाळू ओढून नेतं हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. ती दचकली आणि काकूला धरून हसायला लागली, आणि काकूही. दोघी साठीच्या पुढच्या बाया, लुगडी भिजलेली, एकमेकींना धरून हसत होत्या. मी रडत होते. मला ते लपवावंसंही वाटलं नाही.

आईनं ओंजळीत पाणी घेऊन जिभेला लावलं. थुंकून टाकलं. मग काकूला म्हणाली, "तुया दारात होतं हे. अन् तू आमच्यासाठी पोया लाटत बसली."

"अन् तुमी?" काकू म्हणाली.

मागे वाळूवर चादरी अंथरल्या होत्या. बाबा आणि काका वाढत होते. दोघांनाही वाढायची सवय नसल्यानं भात आधी, रस्सा नंतर, आणि पाटवड्या कुणाला दोन, कुणाला पाच, असं चाललं होतं. त्यांनी चार हाका मारल्या, पण या दोघी आल्या नाहीत. शेवटी बाबा पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून दोन ताटं घेऊन पाण्याजवळ आले, आणि दोघी ओल्या वाळूत तिथेच बसून जेवल्या. बाबा बाजूला उभे राहिले, काही लागलं तर आणून द्यायला. काकाही पाटवड्यांचं भांडं घेऊन येऊन थांबले.

आमच्याकडे धाकट्या भावाची बायको मोठ्या दिराशी बोलत नाही. म्हणजे भांडण नसतं, तसा मान असतो. पदर घ्यायचा, समोर बसायचं नाही, काही सांगायचं तर मुलांकडून किंवा जावेकडून सांगायचं. इतक्या वर्षांत काकूनं बाबांशी थेट एक वाक्यसुद्धा बोलल्याचं मला आठवत नाही. त्या दिवशी तिनं ताटातून मान वर केली, पदर सारखा केला आणि बाबांकडेच पाहून ती बोलली.

"दादाजी, मले एकदा वर्ध्याले याचं हाय. पवनार पाहाचं हाय, सेवाग्राम पाहाचं हाय. तिथीच जन्मली, पन पाह्यलं नाई काई. गेली का लग्नाच्या नाईतर मयतीच्या स्वयंपाकात." तिनं घास गिळला. "पन तुमच्या घरी नाई उतरनार. हाटेलात उतरीन."

काकांचा चेहरा पडला. असं कुणी बोलतं का, तेही मोठ्या भावाला, तोंडावर? मी बाबांकडे पाहिलं. त्यांच्या आयुष्यात याहून मोठा अपमान कुणी केला नसेल. भुवनेश्वरची भावजय वर्ध्याला येणार आणि हॉटेलात उतरणार, आणि सगळ्या पुलगावला ते कळणार. त्यांनी आईकडे पाहिलं, ती काहीतरी बोलून सावरून घेईल म्हणून. आई जेवत होती. तिनं त्यांना मदत केली नाही.

बाबांनी काकांच्या हातातलं भांडं घेतलं. मग खाली वाकून त्यांनी काकूच्या ताटात एक पाटवडी वाढली.

"टेसनाजवळ एक बरं हाय म्हनतेत," ते म्हणाले. "मी खोली पाहून ठेवतो."